पिकअपला हेडर घेताय? नळी सगळ्यात शेवटी बघा

ह्यूस्टनला थंडी अशी पडत नाही. वर्षातले दोन-चार आठवडे पहाटे स्वेटर लागतो, एवढंच. पण त्याच दोन-चार आठवड्यांत माझा ट्रक बोलायला लागला. किल्ली फिरवली की टिक-टिक-टिक, आजीच्या शिलाई मशीनसारखं. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की आवाज गुल.

ट्रक २०१२चा शेवरोले सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, म्हणजे चार-चारच्या दोन ओळींत आठ सिलिंडर. सेकंडहँड घेतला तेव्हाच सव्वा लाख मैल झालेले होते. रोज ऑफिसला नेतो, उन्हाळ्यात मागे ट्रेलर लागतो आणि गणपतीत मंडळाची आरास, पाट, समया, साउंडचे डबे गोडाऊनपासून हॉलपर्यंत ओढायचं काम ठरलेलं. एका मेकॅनिकने आवाज ऐकून लिफ्टर, म्हणजे इंजिनच्या झडपा उचलणारे भाग, गेले म्हणून सांगितलं आणि चार हजार डॉलरच्या पुढचा आकडा काढला. घरी येऊन मी व्हिडिओ बघत बसलो. रात्री दीडच्या सुमाराला मला पटलं की आपल्याला हेडर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या खास नळ्या, हवेत. दुसऱ्याच आठवड्यात सहाशे डॉलरला जुने लाँग-ट्यूब, म्हणजे लांब नळ्यांचे, हेडर घेऊन आलो. खोक्याच्या बाजूला छोट्या अक्षरांत लिहिलं होतं की हा माल रस्त्यावरच्या गाडीसाठी नाही. ते मी गाडीतून उतरवताना वाचलं. खोकं आठ महिने गॅरेजमध्ये ख्रिसमसच्या झाडाशेजारी पडून राहिलं आणि शेवटी साडेतीनशेला गेलं.

तुमचे अडीचशे डॉलर वाचावेत म्हणून हे लिहितोय. उदाहरणं माझ्या ट्रकची आणि टेक्सासची आहेत. दुसरा ट्रक किंवा दुसरं राज्य असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच ठेवा.

आधी शब्द. इंजिनच्या डोक्याला, म्हणजे सिलिंडर हेडला, बिडाचा जो जाडजूड तुकडा चिकटलेला असतो आणि चार सिलिंडरांचा धूर गोळा करून खाली सोडतो, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. व्ही-८ला असे दोन. त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला वेगळी वाकवलेली नळी आणि शेवटी चारही नळ्या एकत्र येण्याची जागा, असं बसवलं की तो हेडर. त्याच्या खाली धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला इथे सगळे नुसतं कॅट म्हणतात, आणि मग आवाज दाबणारा मफलर. आपण देशात ज्या सगळ्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, त्याची इथे चार नावं आणि चार भावही होतात.

पायरी १: ट्रकला नेमकं काय झालंय ते आधी शोधा

जीएमच्या, म्हणजे शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या, या पिढीतल्या व्ही-८ इंजिनांचं एक जुनं दुखणं आहे. मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात, त्यातही सगळ्यात मागचे, ड्रायव्हरच्या पायाजवळच्या पत्र्याला लागून असलेले. कारण सरळ आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा. तेवढ्याच उष्णतेला अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. रोज सकाळी फुगायचं, रोज रात्री आकसायचं, आणि या ओढाताणीत टोकाच्या बोल्टाची मान मोडते. थंडीत फट उघडी असते म्हणून टिक-टिक, आणि धातू तापून फुगला की फट मिटते म्हणून आवाज बंद.

लिफ्टरचा आवाज सहसा असा शहाण्यासारखा बंद होत नाही. तो गरम इंजिनवरही चालू राहतो आणि सोबत एखादा सिलिंडर फसतोय असं संगणक सांगतो. माझ्या मेकॅनिकने ट्रक दुपारी, गरम असताना, दोन मिनिटं ऐकला होता. तुम्ही ट्रक रात्रभर त्याच्याकडे ठेवा आणि सकाळी थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू करायला लावा.

घरी तपासायचं असेल तर पुढचं चाक काढून आतलं प्लास्टिकचं अस्तर बाजूला करा. तिथून मागचे बोल्ट दिसतात. हात पोचला नाही तर फोन आत घालून फोटो काढा. मी काढला तेव्हा उजव्या बाजूच्या शेवटच्या बोल्टाच्या जागी नुसतं भोक होतं आणि भोकाभोवती काजळीचा पंखा पसरलेला, देवघरातल्या समईमागच्या भिंतीवर असतो तसा. ती काजळी म्हणजेच गळती.

इथे एक गंभीर गोष्ट. गाडीच्या आत धुराचा वास येत असेल तर हेडरबिडर विसरा आणि ट्रक चालवणं थांबवा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. धुराचा वास येतोय म्हणजे त्याच्यासोबत तोही येतोय. बंद गॅरेजमध्ये तपासणी कधीही करू नका.

आणि माझं स्पष्ट मत: दुखणं फक्त तुटलेल्या बोल्टांचं असेल आणि ट्रकबद्दल दुसरी काही तक्रार नसेल, तर नवा साधा मॅनिफोल्ड, नवं गॅस्केट (सांध्यातून धूर गळू न देणारी पातळ पट्टी), नवे बोल्ट एवढं पुरे. वाचकांतल्या निम्म्यांनी इथेच थांबावं. मी थांबलो नाही, कारण मला हौस होती. हौस आहे हे स्वतःशी कबूल केलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पायरी २: हे कागद आणि आकडे हाताशी ठेवा

- व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. सतरा अक्षरांपैकी आठवं अक्षर इंजिन सांगतं आणि दहावं मॉडेलचं वर्ष. २०१२ला दहावं अक्षर इंग्रजी 'सी'.
- ग्लव्ह बॉक्समधलं स्टिकर, ज्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड छापलेले असतात. ५.३ लिटरमध्येही एलएमजी म्हणजे बिडाचा ब्लॉक आणि एलसी९ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा. मागच्या आसाचं गुणोत्तरही इथेच कळतं: जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३.
- हूडखालचं, म्हणजे बॉनेटखालचं, प्रदूषण नियंत्रणाचं लेबल. गाडी फक्त संघीय मानकांची आहे की कॅलिफोर्नियाचीही, ते इथे लिहिलेलं असतं. याचा फोटो काढूनच ठेवा.
- ट्रक टू-व्हील ड्राइव्ह आहे की फोर-व्हील.
- रजिस्ट्रेशन कोणत्या काउंटीत आहे.
- ट्रेलर ओढत असाल तर त्याचं भरलेलं वजन.

एखाद्या विक्रेत्याने यातला एकही प्रश्न न विचारता 'बसेल, बसेल' म्हटलं तर फोन ठेवा.

पायरी ३: कायदा आधी, नळी नंतर

इथे सगळ्यांचं घोडं अडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला गैरसमज टेक्सासचा. १ जानेवारी २०२५पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणी बंद झाली. लगेच आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आता काहीही लावा' असे निरोप फिरले. बंद झाली ती ब्रेक-वायपरची तपासणी. धुराची तपासणी ह्यूस्टन, डॅलस-फोर्ट वर्थ, ऑस्टिन आणि एल पासो भागातल्या सतरा काउंट्यांत चालूच आहे, आणि ती दोन ते चोवीस वर्षं वयाच्या पेट्रोल गाड्यांना लागते. हॅरिस, फोर्ट बेंड, ब्रझोरिया, गॅल्व्हस्टन, माँटगोमरी हे सगळे त्यात आले. गंमत केटीची आहे. हे गाव हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलंय आणि वॉलर या यादीत नाही. म्हणजे एकाच गावात एकाला तपासणी आहे आणि दुसऱ्याला नाही. त्यावरून घरं बदलू नका, कारण पुढचा नियम सगळ्यांना आहे.

तो म्हणजे संघीय क्लीन एअर अ‍ॅक्ट. कंपनीने बसवलेली प्रदूषण नियंत्रणाची व्यवस्था काढणं किंवा निकामी करणं या कायद्यात बसत नाही, तुमची काउंटी तपासणी करो वा न करो. कॅट काढून सरळ पाइप टाकणं बेकायदा हे बहुतेकांना माहीत असतं. कॅट फक्त मागे सरकवला तर काय बिघडलं, असं मलाही वाटायचं. बिघडतं ते असं: कॅट तापल्याशिवाय काम करत नाही. थंड इंजिनच्या सुरुवातीच्या मिनिटांतच घाण धुराचा मोठा वाटा बाहेर पडतो, म्हणून कंपन्या कॅट इंजिनच्या जितका जवळ नेता येईल तितका नेतात. लाँग-ट्यूब हेडर त्याला दूर ढकलतो, आणि रोज सकाळी कॅट उशिरा जागा होतो.

कॅलिफोर्निया यात सगळ्यात कडक. तिथे एअर रिसोर्सेस बोर्ड, म्हणजे कार्ब, तपासून एखाद्या सुट्या भागाला परवानगी देतं. त्या परवानगीला एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणतात, बोलताना नुसतं ईओ. तिचा क्रमांक इंग्रजी 'डी'ने सुरू होतो. स्मॉग चेक, म्हणजे तिथली धुराची तपासणी, दर दोन वर्षांनी असतो, अगदी नव्या पेट्रोल गाड्यांना पहिली आठ मॉडेल-वर्षं सूट. तिथला तंत्रज्ञ संगणक लावतोच, शिवाय हूड उघडून डोळ्यांनीही बघतो. हेडर दिसला आणि ईओचं स्टिकर दिसलं नाही, तर धूर कितीही स्वच्छ असला तरी नापास.

टेक्सासमध्ये राहून मी कॅलिफोर्नियाचं एवढं का सांगतोय? कारण ईओ असलेला भाग तुमच्या ट्रकला लागू असेल, तर तो लावणं म्हणजे छेडछाड नव्हे हे दाखवायला त्यापेक्षा चांगला कागद नाही, आणि संघीय पर्यावरण संस्था, ईपीए, तो मानते. उद्या नोकरी बदलून सॅन होजेला गेलात तर ट्रक सोबत नेता येईल, हा वरचा फायदा.

सापळा असा की ईओ ब्रँडला मिळत नाही. ती ठरावीक वर्षं, ठरावीक इंजिन आणि ठरावीक भागालाच मिळते. ५.३ला आहे म्हणून ६.०ला असेलच असं नाही. जेबीए, गिब्सन, डग थॉर्ली या कंपन्यांच्या काही आखूड हेडरना काही ट्रकांसाठी ईओ आहेत. 'काही' हा शब्द दोनदा वाचा. जाहिरातीत 'पन्नास राज्यांत कायदेशीर' लिहिलेलं दिसलं तर क्रमांक मागा आणि कार्बच्या वेबसाइटवर तो आदेश उघडून आपलं वर्ष नि इंजिन त्यात आहे का ते स्वतः बघा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते केलं असतं तर ते खोकं घरी आलंच नसतं.

ट्रक नवा असेल तर वॉरंटीचं दोन वाक्यांत. हेडर लावला म्हणून डीलर सगळी वॉरंटी झटकून टाकू शकत नाही. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याखाली बिघाड त्या भागामुळेच झाला हे त्याला दाखवावं लागतं. पण कॅटवर कायद्याने आठ वर्षं किंवा ८०,००० मैलांची जी वॉरंटी असते, ती चालू असताना आसपास हात घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

जाता जाता, देशातून येणाऱ्या फोनविषयी. इसुझुचा पिकअप चालवणारा कोल्हापूरचा भाचा विचारत होता, "मामा, माझ्या व्ही-क्रॉसला हेडर पाठवशील का?" त्याला म्हटलं, "अरे बाबा, तुझं डिझेल टर्बोचं इंजिन. तुझ्या मॅनिफोल्डवर टर्बो बसलाय, तिथे या नळ्यांचं काय काम?" टोयोटाच्या हायलक्सचंही तेच. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि आपल्याकडचे पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोड रोलर फिरवतात ते फोटो त्यानेही पाहिले होते.

पायरी ४: आखूड की लांब

कायद्याच्या चाळणीतून जे खाली पडेल त्यातूनच आता निवडायचं आहे. बहुतेकांसाठी तो आखूड हेडर असतो, ज्याला शॉर्टी म्हणतात. तो मूळ मॅनिफोल्डच्याच जागी बसतो, कॅट जिथल्या तिथे राहतो, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरही.

लांब नळीचा फायदा खरा आहे, तो नाकारत नाही. एका सिलिंडरचा धूर धक्क्यासारखा बाहेर पडतो आणि त्याच्या मागे कमी दाबाची लाट येते. नळीची लांबी जमून आली की ती लाट पुढचा धूर ओढून घेते. हे समजायला व्ही-८चा मूळ आवाज कुठून येतो ते बघा. या इंजिनचा ठिणगीचा क्रम १-८-७-२-६-५-४-३. विषम सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, सम पलीकडे. क्रम नीट वाचलात तर २ आणि ६ लागोपाठ येतात आणि दोघेही एकाच बाजूचे. तसेच ३ आणि मग फिरून १. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन धक्के पाठोपाठ येतात आणि मग मोठी विश्रांती. अमेरिकन व्ही-८ची ती गुरगुर या असमान तालातून येते. आखूड मॅनिफोल्डमध्ये हे दोन धक्के एकमेकांच्या अंगावर जातात. लांब, वेगळ्या नळ्या त्यांना उशिरा भेटवतात. यातलाच मधला मार्ग म्हणजे ट्राय-वाय रचना: चार नळ्या आधी दोन-दोन जोडायच्या आणि मग दोनाची एक. ओझं ओढणाऱ्या ट्रकला ती मानवते.

आता फायदा कुठे मिळतो ते बघा. मी ट्रेलर ओढतो तेव्हा इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांवर असतं. शॉर्टीने तिथे मिळणारा फरक कागदावर दिसतो, बुडाला फारसा कळत नाही. माझ्या ट्रकमध्ये खरा बदल झाला तो गळती बंद झाल्याने. गळतीतून बाहेरची हवा आत शिरली की ऑक्सिजन सेन्सर फसतो, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि संगणक उगाच जास्त पेट्रोल सोडतो. नवा साधा मॅनिफोल्ड लावला असता तरी हे सुधारलं असतंच. हॉर्सपॉवरच्या आशेने शॉर्टी घेत असाल तर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होईल.

पायरी ५: व्यास, धातू, फ्लँज

५.३ लिटरच्या कामाच्या ट्रकला एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच व्यासाची नळी बरोबर. पावणेदोन इंचही चालते, विशेषतः पुढे इंजिनमध्ये आणखी काम करायचं असेल तर. त्याहून जाड नळी ६.२ लिटरवाल्यांनी बघावी. छोट्या इंजिनला जाड नळी दिली की धुराचा वेग पडतो आणि खालच्या फेऱ्यांवरची ओढ जाते. नाकापेक्षा मोती जड.

धातू तीन. साधं पोलाद स्वस्त, वरचा रंग काही दिवसांत जळतो आणि गंज धरतो. ४०९ स्टेनलेस वरून तपकिरी पडतं, पण टिकतं. ३०४ स्टेनलेस चकचकीत, महाग, आणि तापल्यावर ४०९पेक्षा बरंच जास्त फुगतं, हे कुणी सांगत नाही. बाजारात दोघांनाही 'स्टेनलेस' एवढंच लिहितात. खिशात लोहचुंबक ठेवा: ४०९ला चिकटतो, ३०४ला नाही. शिकागो-डेट्रॉइटकडे, जिथे रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे साध्या पोलादाचा विचारही नको. सिरॅमिक लेप असलेला हेडर मिळाला तर हूडखालची उष्णता कमी होते. कापडी पट्टी गुंडाळण्याचा मोह मात्र टाळा. पट्टीत ओल धरते आणि पोलाद आतून सडतं.

माझ्या दृष्टीने या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी सपाट पट्टी. ती जाड हवी, तीन अष्टमांश इंच असली की झालं. आणि ती खरंच सपाट हवी. वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाकते. माझा नवा हेडर आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो उलटा ठेवला, फ्लँजवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि मागे टॉर्च लावला. मधल्या दोन भोकांपाशी उजेडाची रेघ दिसली. फोटो पाठवला, त्यांनी कुरकुर न करता बदलून दिला. हे बोल्ट आवळण्याआधी केलं तर बदलून मिळतो. नंतर कुणी विचारत नाही.

पायरी ६: जागेत बसतो का

यादी छोटी आहे, पण एकेक ओळ हातात पाना घेऊन रडवणारी आहे. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट ड्रायव्हरच्या बाजूने जातो. स्टिअरिंगचा दांडा त्याच बाजूला. स्टार्टर उजवीकडे, आणि त्याला उष्णता सोसत नाही. ऑइल तपासायच्या काडीची नळी आड येते. स्पार्क प्लगची रबरी टोपी हेडरच्या नळीला टेकली की महिन्याभरात जळते. दोघांत बोटभर तरी अंतर हवं, नाहीतर उष्णतारोधक बाही घाला. टू-व्हीलचा हेडर फोर-व्हीलला 'थोडा ठोकून' बसवणारे महाभाग भेटतील. त्यांच्याकडे ट्रक देऊ नका.

पायरी ७: बोल्ट काढणं, म्हणजे खरी परीक्षा

स्वतः करणार असाल तर हे जवळ ठेवा:

- गंज सैल करणारं खास पेनिट्रेटिंग ऑइल
- लांब एक्स्टेन्शन आणि मान वळणारे सॉकेट
- ऑक्सिजन सेन्सरचा फट असलेला सॉकेट, २२ मिलिमीटर
- छोट्या मापाचा टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना
- जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर ट्रक ठेवून खाली शिरायचं नाही
- डावरे, म्हणजे उलटे फिरणारे, ड्रिल बिट
- कारखान्याच्या प्रतीचं पोलादी थरांचं गॅस्केट. खोक्यात आलेलं पुठ्ठ्यासारखं असेल तर ते टाकून द्या
- नवे बारा बोल्ट; एका बाजूला सहा

तीन दिवस रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टावर ऑइल मारा. चौथ्या दिवशी इंजिन किंचित कोमट असताना सुरुवात करा. सोडवण्याआधी बोल्ट एक केसभर आवळा, 'टक' असा आवाज आला की मग उलटा फिरवा. किंचाळल्यासारखा आवाज आला तर थांबा, पुन्हा ऑइल, पुन्हा पुढे-मागे. माझे तीन आधीच तुटलेले होते. चौथा मी तोडला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, 'एवढा एक काढतो आणि चहाला येतो' म्हणून.

तुटलेल्या बोल्टाचा खुंट बाहेर आला असेल तर नशीब. त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतात आणि गार झाल्यावर नटाने फिरवतात. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटतो, आणि पोलादाचं वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही म्हणून हेडला चिकटण्याची भीती नाही. खुंट आतच तुटला असेल तर बरोबर मध्यात भोक पाडावं लागतं. डावरं बिट फिरताफिरता बऱ्याचदा तुकडा स्वतःच बाहेर काढतं. पण बिट घसरून अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरलं तर नवे आटे बसवणं आलं. मी दोन खुंट काढले आणि उरलेल्या दोनसाठी वेल्डिंगवाल्याला घरी बोलावलं. त्याने चाळीस मिनिटांत काम संपवलं. माझा अख्खा शनिवार गेला होता.

ट्रक दुकानात देणार असाल तर भाव ठरवताना एकच प्रश्न विचारा: "बोल्ट तुटला तर दर बोल्टामागे किती?" हे आधी लिहून घेतलं नाही तर बिल हेडरपेक्षा मोठं होतं.

पायरी ८: बसवताना

सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावून घ्या. मग मधल्यापासून सुरू करून आलटून-पालटून बाहेर जा. जीएमच्या मूळ मॅनिफोल्डला पहिल्या फेरीत ११ फूट-पाउंड आणि दुसऱ्या फेरीत १८. हेडरच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. जोर लावायची सवय असलेल्यांना १८ फारच कमी वाटतं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, मनगट आवरा.

ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं मलम, लावायचं, टोकाला लागू द्यायचं नाही. सिलिकॉनची पेस्ट कुठेही वापरू नका. तिची वाफ सेन्सर मारते. हेडर लावण्यापूर्वी बोटांचे ठसे स्पिरिटने पुसा, नाहीतर पहिल्या तापण्यात ते कायमचे उमटतात. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा धूर निघेल, लेपाचा आणि तेलाचा. गॅरेजचं दार उघडं, ट्रक बाहेर, पाण्याचा पाइप हाताशी. शेजारीण विचारायला आलीच.

शंभरेक मैल झाल्यावर, रात्रभर गार झालेल्या इंजिनवर, सगळे बोल्ट पुन्हा तपासा. माझे पाच थोडे सैल झाले होते.

आवाजाचं म्हणाल तर शॉर्टीने फार फरक पडत नाही. सोबत मफलर बदलला तर मात्र या ट्रकांची एक खोड लक्षात घ्या: सपाट रस्त्यावर इंजिन चार सिलिंडर बंद करून चालतं, आणि त्या वेळी मोकळ्या मफलरमधून हायवेवर कानात घूं घूं भरतं. ऑस्टिनपर्यंतचा अडीच तासांचा रस्ता आणि मागे सासूबाई, एवढा विचार करून मी जुना मफलरच ठेवला.

पायरी ९: तपासणीला जाण्याआधी

काम करताना बॅटरी काढली किंवा बिघाडाचा कोड पुसला की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात. त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं मिश्र ड्रायव्हिंग लागतं: थंड सुरुवात, थोडं हायवे, थोडे सिग्नल. २००१ किंवा त्यानंतरच्या गाडीला एकापेक्षा जास्त चाचण्या अपुऱ्या राहिल्या तर स्टेशनवाला परत पाठवतो. कोड वाचणारं साधं यंत्र वीस-तीस डॉलरला मिळतं. घरीच बघून निघा. पी०४२० किंवा पी०४३० दिसला तर संगणकाला कॅट कमजोर वाटतोय. कोड पुसून नशीब आजमावण्याआधी सांध्यांतली गळती शोधा.

ईओचं स्टिकर हूडखाली, मूळ लेबलाजवळ, पुसून कोरड्या केलेल्या जागेवर चिकटवा आणि पावतीसोबत त्याचा फोटो ठेवा. जुने मॅनिफोल्ड पहिली तपासणी पास झाली म्हणून लगेच भंगारात देऊ नका. माझे अजून गॅरेजमध्ये आहेत, त्याच ख्रिसमसच्या झाडाशेजारी, एका पिशवीत आठ धड बोल्ट आणि चार तुकडे घालून. पुढच्या वर्षीची तपासणी झाली की जातील.